आधी कट्ट्यावर विचारा

काका कुणाच्याही माउसला हात लावत नसत. माणूस कितीही अडलेला असो, ते त्याच्या खुर्चीमागे उभे राहणार, दोन्ही हात पाठीमागे गुंतवणार आणि तोंडाने सांगत राहणार. वर जा. आता डावीकडे. तिकडे नाही, दुसऱ्या डावीकडे. समोरचा रडकुंडीला आला तरी ते हात सुटायचे नाहीत. तुम्हीच करा ना पटकन, असं कुणी म्हटलं की म्हणायचे, मी केलं तर ते मला येईल, मला तर येतंच आहे.

हे कॉम्प्युटरपुरतं असतं तर ठीक होतं. एकदा दुपारी माझ्या लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं. जवळ पुरुष माणूस कोण, तर काका. मी बरणी पुढे केली. काका उठले, बरणीकडे नीट बघितलं, हात पाठीमागे घेतले आणि म्हणाले, आधी झाकण कोरडं पुसा. मग गरम पाण्यात फडकं भिजवा. मग उलटी धरा. अशी नाही. माझी पोळी गार झाली, भाजी गार झाली, तेव्हा झाकण निघालं. पण तेव्हापासून मी कुणापुढे बरणी धरलेली नाही, हेही खरं.

आमचं वाचनालय भोईवाड्यात, चाळीच्या तळमजल्यावर. मी तिथे झाडलोट करते, पाणी भरते, सकाळचे पेपर स्टँडला लावते. मागच्या खोलीत तीन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. सगळे कुणी ना कुणी दिलेले, म्हणजे त्यांना नको झालेले. त्या खोलीवर काकांचं राज्य होतं. आता ते मुलीकडे बंगळूरला असतात, पण त्या खोलीत गेलं की माझा पदर अजून आपोआप सारखा होतो.

ते यायचे गिरगावातून, बसने. पाठारे प्रभूंचं जुनं घराणं. बोलणं पुस्तकातलं, पायात मोजे आणि वर सँडल. एवढ्या लांब का येता, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर खरं उत्तर मिळालं. काकांनी स्वतःच्या इमारतीतल्या बऱ्याच लोकांच्या कॉम्प्युटरची सिस्टिम बदलून दिली होती. मग सोसायटीने त्यांना बोलावून चहा दिला आणि यापुढे बदलू नका अशी विनंती केली. घरी तर त्याहून कठीण. काकूंच्या कॉम्प्युटरवर पत्त्यांचा एक खेळ होता, तो त्या रोज जेवण झाल्यावर खेळायच्या. काकांनी एका शुभमुहूर्तावर जुनी सिस्टिम काढली आणि नवीन टाकली. नवीनवर पत्त्यांचे खेळ भरपूर होते, पण तो एक नव्हता. काकूंनी आठवडाभर अबोला धरला आणि घरात या विषयाला कायमची बंदी घातली. तेव्हा जगात काकांना बसायला एवढी एकच खोली उरली होती.

ही सिस्टिम म्हणजे लिनक्स. काकांनी मला ती समजेल अशी सांगितली होती. ती कुणा एका कंपनीची नाही. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून ती बनवतात, वाटतात, आणि अडलं की एकमेकांना विचारतात. गल्लीतल्या मंडळासारखं, ते म्हणाले, कुणी मांडव घालतो, कुणी दिवे लावतो, मालक कुणीच नाही. आमचे सेक्रेटरी लालबागचे, मंडळात वाढलेले. ते तिथेच पेपर वाचत होते. पेपरमागून म्हणाले, "म्हणूनच काका, पाच जण सांगणारे आणि खुर्च्या उचलायला कोणी नाही."

पण मला ती सिस्टिम आवडायची, कारण तिचा पडदा मराठीत होता. सगळा. मी चौथी शिकलेली, इंग्रजी अक्षरं ओळखते पण वाचायला गेलं की घाम फुटतो. इथे मात्र उघडा, बंद करा, जपून ठेवा, असं सरळ लिहिलेलं. ते मराठीसुद्धा कुणीतरी घरी बसून केलेलं, आणि त्यातलं काही काकांनी. ते आपले शब्द माझ्यावर तपासून बघायचे. मी लादी पुसत असले की मागून हाक यायची, ताई, "भारण होत आहे" म्हणजे काय वाटतं? मी म्हटलं, कुणावर तरी मंतरलेलं पाणी टाकतायत असं वाटतं. मग टकटक आवाज आला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर तिथे लिहिलं होतं, "उघडत आहे, थांबा."

काम आटपलं की दुपारी मी त्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसून वाचायचे. पेपर वाचायचे, पाककृती वाचायचे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कट्टा.

कट्टा म्हणजे ही सिस्टिम वापरणाऱ्या मराठी लोकांची इंटरनेटवरची जागा. आवाज येत नाही, वायफाय लागत नाही, पडदा काळा झाला, कालपर्यंत होतं आज नाही, अशी रडगाणी तिथे लोक घालतात आणि बाकीचे उत्तरं देतात. काकांच्या नावाखाली तिथे "ज्येष्ठ मार्गदर्शक" असं येत असे. त्यांचा नियम होता की प्रश्न चारचौघांत विचारायचा. कुणी कानाशी येऊन विचारलं की म्हणायचे, आधी कट्ट्यावर विचारा. एकट्याला सांगितलेलं उत्तर एकट्याबरोबर जातं. शेजारच्या खुर्चीवरचा माणूससुद्धा बिचारा कट्ट्यावर लिहायचा आणि काका दोन हातांवरून त्याला तिथेच लेखी उत्तर द्यायचे.

आणि प्रश्न कसा विचारायचा तेही ठरलेलं. आपण काय केलंत, काय झालं, काय व्हायला हवं होतं. यातलं एक जरी राहिलं तरी काका उत्तर द्यायच्या आधी झाडायचे. आमच्या भजनी मंडळाचे मालवणी बुवा एकदा तावातावाने आले आणि म्हणाले, काका, चालत नाही. काका म्हणाले, ही तक्रार झाली, प्रश्न कुठे आहे? बुवा खुर्चीत बसले. "प्रश्न माका न्हय, तुमच्या यंत्राक आसत. ह्यां माका इचारता, तुमची खात्री आहे का? माझी खात्री असती तर मी हय कित्याक इलंय असतंय?" काका एवढे हसले की मोजे वर ओढायला खाली वाकावं लागलं. तेवढ्यासाठी बुवांना नियमातून एक दिवस सूट मिळाली.

मी कट्ट्यावर कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मला दुकानातसुद्धा रांगेत पुढे होऊन काही मागायला जमत नाही. समोरचा आपणहून "काय पाहिजे" म्हणेपर्यंत मी उभी असते. चारचौघांत विचारायचं म्हणजे माझ्यासाठी नाहीच विचारायचं. पण दुसऱ्यांचे वाचायला फार बरं वाटायचं. जगात एवढ्या शिकलेल्या लोकांचं एवढं अडतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

सभासद मात्र कंटाळत चालले होते. एकाचा फोटो उलटा उघडायचा, एकाला आपलं पत्र परत सापडायचं नाही. सगळे ओरडायचे सेक्रेटरींकडे. ते काही वाईट माणूस नव्हते, पण दिवसभर नोकरी करून संध्याकाळी यायचे आणि दारातच ऐकून घ्यायचे. एका संध्याकाळी ते काकांपुढे बसले आणि म्हणाले, "काका, सिस्टिम फुकट आहे म्हणून आमचा जीव पण फुकट आहे काय? वैताग आलाय." मग शांतपणे त्यांनी सांगितलं. रविवारी वार्षिक सभा. अहवाल ह्याच खोलीत, ह्याच प्रिंटरवर छापून निघाला तर सिस्टिम राहील. नाही निघाला तर बाजारातली विकतची घालू, सगळीकडे असते तशी, आणि मग तुम्हाला कशाला रोज गिरगावातून त्रास.

त्रास या शब्दावर काकांनी वाकून मोजे वर ओढले. मला माझं दिसत होतं. बाजारातली विकतची म्हणजे सेक्रेटरींच्या ऑफिसात होती तसली, पडदा सगळा इंग्रजीत. म्हणजे मी परत फक्त लादी पुसणार.

आता कुणीही शहाणा माणूस सभेपर्यंत प्रिंटरच्या वाऱ्याला उभा राहिला नसता. पण काकांचं एक व्रत होतं. सिस्टिमची नवी आवृत्ती आली की त्याच दिवशी घालायची. शिळं खाऊ नये, म्हणायचे. त्याच आठवड्यात नवी आली. काकांनी घातली. पडद्यावर सगळं छान दिसत होतं. मग त्यांनी अहवालाचं पहिलं पान छापायला सोडलं. प्रिंटर घरघरला, पान अर्धं बाहेर आलं आणि तिथेच थांबलं. अध्यक्षांचं नाव आलं, मनोगत आत राहिलं.

काकांनी बंद केला, चालू केला. दुसरा कागद घातला. वायर बदलली. दरवेळी अर्धं पान. त्यांनी जुनी आवृत्ती परत आणायचा प्रयत्न केला, त्यात आणखी काहीतरी बिघडलं, ते निस्तरण्यात एक दिवस गेला. शेवटी त्यांनी जाहीर केलं की पुरती खात्री झाल्याशिवाय वाचनालयाच्या यंत्राला आता बोट लावणार नाही. मग इंग्रजी पानांवर पानं वाचत बसले. चहा गार व्हायचा. शुक्रवारी डबासुद्धा उघडला नाही.

मी म्हटलं, काका, तुम्ही कट्ट्यावर विचारा ना.

त्यांनी चष्मा काढला. "ताई, आयुष्यभर पाणपोईवर पाणी घालणाऱ्या माणसाने ओंजळ धरून कसं उभं राहायचं?"

मी केरसुणी घेतली. पण झाडता झाडता डोक्यात तेच. शेवटी पेपरांच्या स्टँडमागे उभी राहिले, मोबाइल काढला आणि कट्ट्यावर गेले. नाव मागितलं, मी पारिजात लिहिलं. माझ्या माहेरच्या दारात होता. मग लिहिलं, "प्रिंटर अर्धं पान छापून थांबतो. काय करावं?" बोट दाबलं आणि स्टँडवरचे लावलेलेच पेपर परत सारखे केले.

मागच्या खोलीतून टकटक सुरू झाली. मग माझ्या हातात उत्तर आलं. "पारिजात, नमस्कार. आपला प्रश्न अपुरा आहे. कोणता प्रिंटर, केव्हापासून, आपण काय केलंत, काय झालं? काय करावं हे ज्योतिषाला विचारतात."

मला रागच आला. पाच पावलांवर बसून मला बोलतात. मी फडकं घेतलं आणि आत जाऊन प्रिंटर पुसायला लागले, त्याच्यावरचा नंबर बघायला हवा होता. नंबर मागच्या बाजूला, खाली. मी वाकून पुसतेय, पुसतेय. इंग्रजी अक्षरं एकेक करून पाठ करतेय. काका म्हणाले, "राहू द्या ताई. नुसतं पुसून छापायचा असता तर मीच पुसला असता."

बाहेर येऊन मी सगळं लिहिलं. नवी आवृत्ती घातल्यापासून. बंद करून चालू केला, कागद बदलला, वायर बदलली. अर्धं पान येतं. पूर्ण यायला हवं.

या खेपेला टकटक झाली नाही. काका स्वतः उठून बाहेर आले, चेहरा एकदम उजळलेला. "ताई, चमत्कार. जगात आणखी एकाचा प्रिंटर अगदी आपल्यासारखा रुसलाय. तोच नंबर, तेच अर्धं पान." मी कोण आहेत म्हणून विचारलं. लिहिण्याच्या ढंगावरून साताऱ्याकडचे कुणी गृहस्थ असावेत, काका म्हणाले. निवृत्त, मोजकं लिहिणारे. नावावरून बागेची आवड दिसते. पहिल्यांदा प्रश्न विचारताना जरा गोंधळले, पण सांगितल्यावर लगेच सुधारले, असे सभासद मिळत नाहीत.

आणि मग तो माणूस, जो चार दिवस ओंजळ धरायला तयार नव्हता, खुर्ची पुढे ओढून बसला आणि थेट जगाच्या कट्ट्यावर इंग्रजीत प्रश्न लिहायला लागला. लिहिता लिहिता मला मराठीत सांगत होता. आमच्या साताऱ्याच्या एका सभासदांची अशी अशी अडचण आहे. मी म्हटलं, आता कसं विचारलंत?

"दुसऱ्यासाठी विचारायला कसली लाज?" काका म्हणाले.

तिकडून पहिलं उत्तर आलं ते वाचून काकांचे कान लाल झाले. कुणीतरी लिहिलं होतं की तुमची माहिती अपुरी आहे, आधी नीट लिहा. काकांनी चष्मा पुसून परत लावला. मग स्वतःशीच म्हणाले, बरोबर आहे त्यांचं, आणि सगळं पहिल्यापासून लिहून काढलं.

शनिवारी दुपारी पोलंडमधल्या एका बाईंचं उत्तर आलं. त्या एका शाळेतले कॉम्प्युटर बघत असत आणि त्यांच्याकडे तोच म्हातारा प्रिंटर होता. नव्या आवृत्तीला वीज वाचवायची फार हौस आहे, त्यांनी लिहिलं. प्रिंटर जुना, पानाच्या मध्ये दम खायला थांबतो. कॉम्प्युटरला वाटतं याचं काम संपलं, आणि तो त्याला झोपवून टाकतो. कॉम्प्युटरला एक ओळ लिहून सांगा की याला झोपवू नको. ती ओळ त्यांनी दिली होती.

काकांनी ती ओळ पारिजातला पाठवली, खाली मराठीत सगळं समजावून. आणि हात पाठीमागे घेऊन खोलीत फेऱ्या मारायला लागले.

मी वाट बघतेय, आता आपल्या प्रिंटरला लावतील. ते काही लावेनात. शेवटी विचारलं, तर म्हणाले, "प्रश्न त्यांचा आहे. आधी त्यांच्याकडे चालू दे. मी शपथ घेतलीय, खात्री झाल्याशिवाय बोट लावणार नाही." म्हणून आता साताऱ्याहून निरोप येईपर्यंत थांबायचं. सभा उद्या. सेक्रेटरी संध्याकाळी येऊन अहवाल मागणार. आणि काका खिडकीशी उभे राहून साताऱ्याच्या गृहस्थांना दोष देत होते. कामापुरते येतात, उत्तर मिळालं की पळतात. बागेत पाणी घालत बसले असतील.

चालतं म्हणून खोटंच लिहावं, असं एकदा मनात आलं. पण ते वाचून आणखी कुणी तसं करून बसेल. मग दुसरा मार्गच नव्हता. मी फडकं खाली ठेवलं.

"काका, साताऱ्यात कुणी नाही. पारिजात मीच."

काका वळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, प्रिंटरकडे बघितलं, परत माझ्याकडे. मला वाटलं आता रागावणार. ते आपल्या खुर्चीपाशी आले, ती माझ्यासाठी मागे ओढली आणि हात पाठीमागे गुंतवले.

"मग आपण अजून करून का नाही बघितलंत?" ते म्हणाले. कट्ट्यावर लिहितात तसंच, आपण म्हणून.

मी बसले. ओळ इंग्रजीत. एकेक अक्षर बघायचं, एकेक बटण शोधायचं. मध्ये एक आडवी रेघ होती ती सापडेना. काका म्हणाले, वरच्या रांगेत, उजवीकडे. दुसऱ्या उजवीकडे. माझी पाठ भिजली. शेवटचं बटण दाबलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि अहवाल छापायला सोडला. प्रिंटर घरघरला. अर्धं पान आलं आणि थांबलं. आम्ही दोघंही थांबलो. मग त्याने दम घेतला आणि अध्यक्षांचं मनोगत सगळंच्या सगळं बाहेर टाकलं. मग दुसरं पान. मग तिसरं.

काका कागद नीट लावत राहिले.

संध्याकाळी सेक्रेटरी आले. गठ्ठा उलटसुलट करून बघितला, मधलं एखादं अर्धं पान सापडतंय का ते शोधलं. नाही सापडलं. "बरं काका, राहू दे तुमचं मंडळ," म्हणाले. "पण सभेपर्यंत आता कशाला हात लावू नका, तुम्हाला देवाची शपथ." काकांनी दोन्ही हात पाठीमागे असल्याचं वळून दाखवलं.

सभेत कॉम्प्युटरचा विषयच निघाला नाही. पंख्यावरून भांडण झालं, त्यातच सभा संपली.

सोमवारी मी पेपर लावत असताना काका आले आणि उभ्याउभ्या म्हणाले, आपलं एक काम राहिलं आहे. प्रश्न विचारणाऱ्याने शेवटी लिहायचं असतं की कशाने सुटलं. नाहीतर पुढचा माणूस येऊन बंद दारावर टकटक करत बसतो. मी म्हटलं, तुम्हीच लिहा ना. म्हणाले, मला काय झालं होतं?

तेव्हा मी लिहिलं. कॉम्प्युटर प्रिंटरला झोपवत होता. पोलंडच्या बाईंनी दिलेली ओळ घातली. बंद करून चालू केला. मध्ये थांबतो, घाबरू नका, परत चालतो. हे शेवटचं माझ्या मनाचं.

तीन-चार दिवसांनी दुपारी कट्टा उघडला तर खाली अकोल्याच्या कुणीतरी लिहिलं होतं. माझाही असाच थांबायचा, मी घाईने कागद ओढून काढायचो. तुमचं वाचून हात आवरला, पूर्ण पान आलं. धन्यवाद, पारिजात दादा.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. काका आपल्या टेबलाशी बसले होते, त्यांच्या पडद्यावरही तेच पान असणार. पण त्यांनी मान वळवली नाही. उत्तर द्यावं की नाही, मला कळेना. तसंच सोडलं असतं तरी कुणाचं काही अडलं नसतं. मी दोनदा लिहून पुसलं. मग लिहिलं, "दादा नाही, ताई. भोईवाड्यातून," आणि बटण दाबलं.